सम्राट अशोक, नऊ अज्ञात पुरुष आणि एक रहस्यकादंबरी

इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांचे परीक्षण करणे हे या नियतकालिकाचे काम नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही ख्रिस्तोफर सी. डॉयल यांच्या ‘द महाभारत सीक्रेट’ या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची दखल येथे घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. पालीच्या वर्गात नव्याने येणारे विद्यार्थी सम्राट अशोकाविषयी दोन गोष्टी हमखास ऐकून आलेले असतात. एक कलिंगयुद्धाची आणि दुसरी ‘नऊ अज्ञात पुरुषां’ची. पहिली गोष्ट ते शाळेच्या पुस्तकात वाचतात. दुसरी कोठे वाचली असे विचारले असता त्यांना नीट सांगता येत नाही. परंतु ती खरी आहे याविषयी मात्र त्यांच्या मनात शंका नसते. अशोकाने जगाचा संहार करू शकेल असे विज्ञान नऊ विद्वानांच्या हवाली केले आणि ते मंडळ आजही गुप्तपणे कार्यरत आहे, असे ही मुले गंभीरपणे सांगतात. या समजुतीला ज्या ग्रंथांनी आपल्याकडे नवे आयुष्य दिले, त्यांत प्रस्तुत कादंबरीची गणना करावी लागेल.

कथानक थोडक्यात असे. इ.स.पू. २४४ मध्ये अशोकाला एका प्राचीन व भयंकर रहस्याचा शोध लागतो. हे रहस्य महाभारतात दडलेले असून ते उघड झाल्यास जगाचा नाश ओढवेल, म्हणून ते नऊ जणांच्या एका बंधुमंडळाकडे सोपविले जाते. तेवीसशे वर्षांनंतर, म्हणजे आपल्या काळात, एका निवृत्त अणुशास्त्रज्ञाचा खून होतो. मृत्यूपूर्वी त्याने आपल्या पुतण्याला काही ई-मेल पाठविलेले असतात. त्यांतील संकेतांच्या आधारे पुतण्या आणि त्याचे मित्र दोन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष धुंडाळीत निघतात आणि दुष्ट शक्ती त्यांचा पाठलाग करतात. भूतकाळात पुरलेले भविष्यातील शस्त्र, असे या कथेचे बीज आहे.

लेखकाला श्रेय द्यावयाचे तर ते मोकळ्या मनाने द्यावयास हवे. कथेला वेग आहे. प्रकरणे आखूड असून प्रत्येकाच्या शेवटी वाचकाला पुढे ओढून नेण्याची युक्ती लेखकाला साधलेली आहे. पडक्या विटा आणि झिजलेली अक्षरे यांविषयी तरुण वाचकाच्या मनात कुतूहल निर्माण करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. आमच्या कित्येक शोधनिबंधांना ते साधलेले नाही. उलट पक्षी, पात्रे माणसांसारखी बोलण्याऐवजी एकमेकांना माहिती पुरवीत राहतात, आणि पुरातत्त्व म्हणजे कुलूप उघडण्याची कला अशी लेखकाची समजूत दिसते. परंतु हे दोष या साहित्यप्रकाराचेच आहेत. आमचा आक्षेप त्यांवर नाही. कल्पित कथेने कल्पना करू नये, असा हट्टही आम्ही धरीत नाही. आमचा आक्षेप कल्पनेच्या दिशेवर आहे. ज्या राजाने आपल्या मनातील गोष्ट खडकावर लिहून रस्त्यावर उभी केली, त्यालाच येथे रहस्यांचा पहारेकरी केले आहे.

ही कल्पना मूळची डॉयल यांची नव्हे, आणि भारतातील तर नव्हेच नव्हे. पालीत, संस्कृतात किंवा शिलालेखांत अशोकाच्या अशा कोणत्याही गुप्त मंडळाचा उल्लेख नाही. टॉलबट मंडी या इंग्रज वंशाच्या अमेरिकन कादंबरीकाराने १९२३ साली ‘द नाइन अननोन’ ही साहसकथा लिहिली. पुढे १९६० साली लुई पॉवेल्स आणि जाक बेर्जिए या दोन लेखकांनी आपल्या फ्रेंच ग्रंथात या नऊ जणांचा संबंध अशोकाशी जोडला आणि ती हकिगत इतिहास असावा अशा थाटात सांगितली. मंडी हे थिऑसॉफीचे अनुयायी होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अदृश्य महात्मे, हिमालयापलीकडील गुप्त ज्ञान, निवडक शिष्यांनाच मिळणारी दीक्षा, हा सारा सरंजाम त्या संप्रदायाचा. ए. पी. सिनेट यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातच बौद्ध मताला ‘गूढ’ हे विशेषण लावलेले आहे. पाश्चात्त्यांनी बौद्ध धम्मावर पांघरलेली ही गूढतेची शाल आपल्याकडे परत आली, आणि आपण ती वडिलोपार्जित समजून अंगावर घेतली!

आता अशोक स्वतः काय सांगतो ते पाहू. त्याचे लेख ब्राह्मीत आहेत, वायव्येकडे खरोष्ठीत आहेत, आणि १९५८ साली कंदाहारला सापडलेला लेख ग्रीक व अरमाइक अशा दोन भाषांत आहे. ज्या प्रदेशात जी लिपी चालते तीत लिहावे, हा त्यातील स्पष्ट हेतू होय. धौली व जौगड येथील स्वतंत्र लेखांत, हा मजकूर तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवावा, मधल्या काळातही ऐकवावा, एकच श्रोता असला तरी ऐकवावा, अशी आज्ञा आहे. ज्याला वाचता येत नाही त्याचाही विचार केलेला आहे. चौदाव्या शिलालेखात तर लेखकाच्या हातून काही चूक राहिली असण्याची शक्यताही राजाने नमूद करून ठेवली आहे. संकेतलिपीत लिहिणारा माणूस असा खुलासा करीत बसत नाही.

हे लेख पुढे कित्येक शतके कोणाला वाचता येईनात, ही गोष्ट खरी. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हा ते पुन्हा बोलू लागले. सिंहली इतिहासग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर यांनी ‘पियदसि’ म्हणजे अशोक असे दाखवून दिले, आणि १९१५ साली मस्कीच्या लेखात ‘अशोक’ हे नावच सापडल्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. परंतु अक्षरे विसरली जाणे आणि अक्षरे लपविणे या दोन गोष्टींत महदंतर आहे. विसरण्याचा दोष अशोकाकडे जात नाही. तो कोणाकडे जातो, याचा शोध घेणारी कादंबरी मात्र आम्ही आवडीने वाचू.

अशोकाने काहीच राखून ठेवले नाही, असाही आमचा दावा नाही. कलिंगयुद्धातील संहाराची कबुली त्याने तेराव्या शिलालेखात दिली आहे. एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसांना तेथून नेण्यात आले, हे आकडे त्यानेच दिलेले आहेत. हा लेख शाहबाझगढी, मानसेहरा, कालसी, गिरनार अशा दूरदूरच्या ठिकाणी आहे. प्रत्यक्ष कलिंगात, धौली व जौगड येथे, तो नाही. तेथे अकरा ते तेरा हे लेख वगळून त्यांच्या जागी अधिकाऱ्यांना उद्देशून दोन स्वतंत्र लेख कोरलेले आहेत. ज्यांची माणसे मेली त्यांच्यापुढे आकडे वाचून दाखविण्याचे राजाने टाळले. हे शहाणपण होते, संकोच होता की राजकारण, यावर वाद होऊ शकतो. अशोकाच्या मौनावर कोणाला कादंबरी लिहावयाची असेल तर विषय येथे आहे. आणि त्यासाठी त्याला विमाने व अस्त्रे यांची गरज पडू नये.

कादंबरीचा दुसरा पाया महाभारत हा आहे. अशोकाच्या उपलब्ध लेखांत महाभारताचा कोठेही उल्लेख नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत देशभरची शेकडो हस्तलिखिते ताडून त्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या प्रचंड सामग्रीत पाठभेद व प्रक्षेप यांचा सुकाळ आहे, परंतु अण्वस्त्राची कृती कोठे आढळलेली नाही. येथवर हा केवळ पुराव्याचा प्रश्न झाला. आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. या कथेत अशोकाचे मोठेपण कशात आहे? धम्मात नाही, पश्चात्तापात नाही, माणसांसाठी व पशूंसाठी केलेल्या औषधोपचारांच्या व्यवस्थेत नाही. महाभारतातील एक ठेवा त्याने सांभाळला, एवढ्यापुरतेच ते आहे. म्हणजे बौद्ध सम्राटाला इतिहासात जागा द्यावयाची, परंतु ती दुसऱ्याच्या वाड्यातील पहारेकऱ्याची.

ज्ञान हे धोकादायक आहे, ते योग्य त्या मूठभर लोकांजवळच राहावे, इतरांच्या हाती पडल्यास अनर्थ होईल, ही या कथेची मूळ धारणा आहे. आमच्या वाचकांना ती परिचित वाटेल. आपल्या आज्या-पणज्यांना अक्षरांपासून दूर ठेवताना हाच युक्तिवाद केला गेला होता. रहस्य म्हटले की इतरांना रोमांच वाटत असेल. ज्यांच्या कानांवर ज्ञान पडू नये म्हणून शास्त्रे रचली गेली, त्यांच्या वंशजांनी या शब्दाकडे अधिक सावधपणे पाहावयास हवे. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला सांगितले की आपल्या शिकवणुकीत आत-बाहेर असा भेद नाही आणि आपण ‘आचरियमुट्ठि’, म्हणजे गुरूची झाकलेली मूठ, ठेवलेली नाही. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात झाकून चालणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत ब्राह्मणांचे मंत्र आणि मिथ्यादृष्टी यांची गणना आहे; आणि उघडेपणी प्रकाशणाऱ्या तिहींत चंद्र व सूर्य यांच्या जोडीला तथागतांचा धम्म-विनय आहे. (झाकलेल्या तिहींत पहिले पद स्त्रियांचे आहे. ते त्या काळच्या समाजस्थितीचे द्योतक असून त्यावर स्वतंत्र चर्चा व्हावयास हवी. येथे ते गाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.) बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ मध्ये बुद्धवचन ओळखण्याची जी कसोटी दिली, ती बुद्धिवादाची आणि मानवी कल्याणाची आहे. गूढत्वाला तीत स्थान नाही.

अशोकाने ग्रंथांविषयी केलेली एक शिफारस आपल्यापर्यंत पोहोचलेली आहे. राजस्थानातील बैराट येथे कॅप्टन बर्ट यांना सापडलेला आणि भाब्रूचा लेख म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अशोक संघाला अभिवादन करून सात धम्मपर्यायांची नावे देतो, आणि भिक्षू-भिक्षुणींनी तसेच उपासक-उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत व त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा व्यक्त करतो. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ साली या सात नावांचा तिपिटकातील सुत्तांशी मेळ घालून दाखविला. मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे ते काम आहे. सात नावांपैकी एक आहे ‘अनागतभयानि’, म्हणजे भविष्यकाळातील भये. अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात या विषयावरील सुत्ते आहेत. अशोकाने भविष्याविषयी काही वाचावयास सांगितले असेल तर ते हे. आणि त्यात अस्त्रे नाहीत. अभावितकाय, अभावितचित्त माणसे दुसऱ्यांना उपसंपदा देऊ लागतील, हे तेथील एक भय आहे. गंभीर व सखोल अर्थाची सुत्ते कोणी कान देऊन ऐकणार नाही आणि कवींनी रचलेल्या, सुंदर शब्दांनी नटलेल्या रचनांकडे मात्र सर्वांचे कान लागतील, हे दुसरे. थेर सुखासीन होतील, हे आणखी एक. या यादीतील दुसऱ्या भयाशी प्रस्तुत कादंबरीचा संबंध जोडण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. परंतु पहिले व शेवटचे भय आपल्या स्वतःच्या विहारांना अधिक लागू पडते, हेही सांगितले पाहिजे.

नऊ ही संख्या अशोकाच्या काळाशी निगडित आहे, हे मात्र खरे. महावंसाच्या बाराव्या परिच्छेदात तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी नऊ प्रदेशांत धम्मप्रचारक पाठविल्याचा वृत्तांत आहे. काश्मीर-गांधार, महिषमंडल, वनवास, अपरांत, महारट्ठ, योन, हिमवंत, सुवण्णभूमी आणि लंका, हे ते नऊ प्रदेश. अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, योन धम्मरक्खित आले. हे थेर ग्रीक वंशाचे होते, हे त्यांच्या नावावरूनच कळते. महारट्ठात महाधम्मरक्खित आले. नऊ अज्ञात पुरुषांच्या जागी आपल्याकडे नऊ ज्ञात दिशा आहेत, आणि तेथे गेलेल्यांचे काम ज्ञान सांभाळण्याचे नव्हते, ते सांगण्याचे होते.

हा वृत्तांत सिंहली भिक्षूंनी कित्येक शतकांनंतर लिहिला, तेव्हा त्यावर विश्वास का ठेवावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कुदळीने दिलेले आहे. १८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम व मेझी यांनी सांचीचा दुसरा स्तूप उघडला. त्यात सापडलेल्या करंडकांवर आचार्यांची नावे कोरलेली होती. त्यांत मझिम हे एक नाव आहे आणि कासपगोत हे दुसरे. कासपगोताला तेथे सर्व हिमवंताचा आचार्य म्हटले आहे. दीपवंस व महावंस हिमवंतात गेलेल्या थेरांची जी नावे देतात, त्यांत हीच आहेत. लंकेतील ताडपत्र आणि माळव्यातील करंडक यांना एकमेकांची माहिती असण्याचे कारण नव्हते. जमिनीखाली पुरलेली गोष्ट बाहेर यावी आणि तिने ग्रंथातील विधानाला साक्ष द्यावी, हा अनुभव कोणत्याही कल्पित संकेतभेदापेक्षा आम्हांस अधिक थरारक वाटतो. कादंबरीकाराला तो वापरता आला नाही, कारण या शोधात नायकाला पळावे लागत नाही.

पळापळ आणि यंत्रे हवीच असतील तर तीही पालीत आहेत. दीघनिकायाच्या अट्ठकथेत, सुमंगलविलासिनीत, महापरिनिब्बानसुत्तावर लिहिताना आचार्य बुद्धघोषांनी एक कथा दिली आहे. धातूंना पुढे धोका होईल हे ओळखून महाकस्सप थेरांनी राजा अजातशत्रूकरवी राजगृहाच्या आग्नेयेस भूमीखाली धातुनिधान करविले. त्याच्या रक्षणासाठी विस्सकम्माने लाकडी यंत्रपुरुष बसविले. त्यांच्या हातांत स्फटिकासारख्या तलवारी होत्या आणि ते वाऱ्याच्या वेगाने फिरत. पुढे अशोक ठिकठिकाणचे स्तूप उघडून धातू शोधतो, परंतु त्याला यश येत नाही. अखेर एकशेवीस वर्षांच्या एका थेराला आठवते की आपण सात वर्षांचे असताना वडिलांनी आपल्याला एका दगडी स्तूपापाशी नेऊन फुले वाहावयास लावली होती. त्या आठवणीवरून जागा सापडते, यंत्र निकामी होते आणि दार उघडते. तेथे एक रत्न ठेवलेले असून त्यावर लिहिलेले असते की भविष्यकाळी कोणी दरिद्री राजा येईल त्याने हे घेऊन धातूंची पूजा करावी. आपल्याला दरिद्री म्हटल्याचे वाचून जंबुद्वीपाचा सम्राट रागावतो! आत दिवे जळत असतात, फुले टवटवीत असतात, आणि सुवर्णपत्रावर भाकीत असते की पुढे पियदास नावाचा कुमार अशोक धम्मराजा होऊन या धातूंचा सर्वत्र विस्तार करील.

ही कथा इतिहास नव्हे. ती इतिहास म्हणून वाचावी असे आम्ही कधीही म्हणणार नाही. तिच्यातील विस्सकम्मा व यंत्रपुरुष यांना बुद्धिवादी वाचकाने कल्पित म्हणूनच बाजूला ठेवावे. परंतु दोन कल्पितांची तुलना करण्यास कोणाची हरकत नसावी. दोहोंत गाडलेले रहस्य आहे, अद्भुत यंत्र आहे, भविष्यवाणी आहे आणि अशोक आहे. आधुनिक कथेतील अशोक जे सापडले ते झाकतो. पंधराशे वर्षांपूर्वीच्या कथेतील अशोक जे झाकलेले होते ते उघडतो आणि वाटून टाकतो. अट्ठकथाकारांना चमत्कारांचा सोस होता, पण आपला राजा कोणत्या स्वभावाचा होता हे त्यांना नेमके ठाऊक होते.

पुरातत्त्वातील खरी गुन्हेकथा पाहावयाची तर ती वेगळ्याच ठिकाणी सापडते. लखनौ येथे पुरातत्त्व खात्याचे अधिकारी असलेले आंतोन फ्युरर यांनी १८९६ साली लुंबिनीच्या अशोकस्तंभाचा लेख उजेडात आणण्यात भाग घेतला; तो लेख अस्सल आहे. याच गृहस्थांनी ऊ मा नावाच्या ब्रह्मी भिक्षूला बनावट ‘बुद्धधातू’ पुरविले, आणि त्यांतील दात घोड्याचा निघाला. फसवणूक उघडकीस आल्यावर १८९८ साली त्यांना पद सोडावे लागले आणि त्यांचा ग्रंथ वितरणातून काढून घेण्यात आला. त्याच वर्षी, लुंबिनीपासून फार दूर नसलेल्या पिप्रहवा येथे विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांना धातू व रत्ने मिळाली. धातू सयामच्या राजाकडे गेले. रत्नांचा एक भाग पेपे घराण्याकडे राहिला. मे २०२५ मध्ये तो हाँगकाँग येथे लिलावाला निघाला होता. भारत सरकारने नोटीस दिल्यावर लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने एका उद्योगसमूहाने विकत घेतल्यामुळे भारतात परत आली. श्रद्धाळू भिक्षू, खोटा दात, खरा स्तंभ, सव्वाशे वर्षे एका घराण्याकडे राहिलेली रत्ने आणि शेवटी लिलावाची घंटा; यांत कादंबरीकाराला आणखी काय हवे?

कोणी मराठी लेखक हा विषय हाती घेणार असेल तर त्याला पाली ग्रंथांतील व शिलालेखांतील आवश्यक ते उतारे अनुवादासह काढून देण्यास आम्ही सिद्ध आहोत. डॉयल यांच्या मालिकेचा पुढील भाग २०१४ साली निघाला असून त्याचा विषय अलेक्झांडर हा आहे. त्याचा विचार ग्रीक भाषेच्या जाणकारांनी करावा.